निळं मीठ सांभाळताना
न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबाडच्या पोटॅश (पोटॅशियमचे क्षार) खाणीतला निळा हॅलाइट, म्हणजे खनिज मिठाचा स्फटिक, घेतलास, छान केलंस! पण हे शेवटी मीठच. धूळ बसली तरी नळाखाली धरू नकोस, कोरड्या मऊ ब्रशने झटक. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की ते पाणी ओढतं. मुंबईच्या एका जुलैत माझ्या खड्याच्या धारदार कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या, खाली खारट थेंब साचले. अजून हळहळ वाटते. हवाबंद डबीत सिलिका जेल टाक, पावसाळ्यात ते बदलत राहा. गरम दिव्याखाली तर मुळीच ठेवू नकोस. तो निळा रंग वरून दिलेला नसतो. शेजारच्या पोटॅशियमच्या किरणोत्सर्गाने स्फटिकाच्या रचनेत झालेल्या बदलांमुळे तो येतो, असं मानतात. तापवला की उडतो.