व्यक्तिचित्र श्रद्धांजली का वाटतं?

प्रश्न : ओळखीच्या एका शिक्षिकेवर व्यक्तिचित्र लिहिलं. सगळं खरं आहे, तरी श्रद्धांजली वाचल्यासारखं वाटतं. काय चुकलं?

उत्तर : बहुधा विशेषणं. 'प्रेमळ', 'शिस्तप्रिय' हे तुमचे निकाल झाले. वाचकाला पुरावा हवा. ती विशेषणं खोडा आणि प्रत्येकाच्या जागी एक कृती ठेवा : उरलेला खडू त्या कुठे ठेवत, चिडल्यावर आवाज चढे की उतरे. लकब एकच निवडा; दर परिच्छेदात आली की तिची नक्कल होते. त्यांची एक-दोन वाक्यं जशी आठवतात तशीच द्या, व्याकरण सुधारू नका. एखादी विसंगतीही हवीच, नाहीतर माणूस हार घातलेल्या तसबिरीतच राहतो. हयात व्यक्तीचं आजारपण किंवा घरचे वाद मात्र विचारल्याशिवाय छापू नका. नुसतं नाव बदलून भागत नाही. गाव आणि हुद्दा ओळख पटवतातच.