पहिल्यांदाच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरी खोलून बांधणं जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धुळ्यात राहता, २०११ ची ऑटोमॅटिक सेडान आहे, रिव्हर्स टाकला की गाडी दोन-तीन सेकंद विचार करते आणि मग धक्का देऊन निघते. एका गॅरेजने सव्वा लाख सांगितलेत. आजवर गिअरबॉक्स कधी खोललेला नाही, तर घरी बांधायला घ्यावा का?

जमतं. मी बांधलाय. फक्त मला तो दोनदा बांधावा लागला.

मी मेकॅनिक नाही. जळगावच्या बाहेर माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. केळीवाल्यांच्या जळालेल्या सबमर्सिबल येतात, त्या भरून देतो. म्हणजे हाताला बारीक कामाची सवय होती, पण गाडीच्या खाली पहिल्यांदाच शिरलो.

आधी तुमचा ऑटोमॅटिक कोणत्या जातीचा आहे ते बघा. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर आपल्याकडे एएमटी आली. ती आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असते, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं यंत्र करतं. तिचं दुखणं वेगळं, औषध वेगळं. सीव्हीटी किंवा डबल क्लचवाला असेल तर पहिल्या प्रयोगाला घेऊ नका. सीव्हीटीत दोन पुल्यांवर लोखंडी पट्टा फिरतो, पुलीला ओरखडा गेला की पुली गेलीच. घरी करण्यासारखा म्हणजे जुना टॉर्क कन्व्हर्टरवाला, चार किंवा पाच गिअरचा. माझा चार गिअरचा होता.

पंपाच्या भाषेत सांगायचं तर टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे समोरासमोर ठेवलेले दोन पंखे. एक इंजिनाबरोबर फिरून तेल फेकतो, त्या तेलाने दुसरा फिरतो. मध्ये स्टेटर असतो, तो परतणाऱ्या तेलाला वळण देतो. मागे प्लॅनेटरी गिअर, म्हणजे मधल्या एका चाकाभोवती फिरणारी छोटी दातेरी चाकं. त्यातला कोणता भाग फिरवायचा आणि कोणता धरून ठेवायचा हे क्लच पॅक, म्हणजे एकावर एक रचलेल्या क्लच प्लेटांचे गठ्ठे ठरवतात, आणि त्या पॅकना दाबतो तेलाचा दाब. दाब कुठे निसटला की क्लच घसरतो. बहुतेक बिघाड फिरून तिथेच येतात.

म्हणून खोलायच्या आधी तेल बघा. तेल कमी असलं तरी गाडी अशीच विचार करते. लाल असेल तर ठीक. काळं आणि जळका वास असेल तर क्लच प्लेटा गेल्यात. तेल बरं दिसलं तर गेज लावून लाइन प्रेशर, म्हणजे आतल्या तेलाचा दाब मोजून घ्या. बऱ्याच गिअरबॉक्सांत फिल्टर आणि सोलेनॉइड (तेलाच्या वाटा उघडणारे-बंद करणारे विजेचे व्हॉल्व्ह) खालचा पॅन काढून बदलता येतात. तेवढ्यावर भागलं तर सव्वा लाख कशाला?

माझ्या पॅनमधून तेल निघालं ते गुलाबी लस्सीसारखं. हे तेलात कूलंट मिसळल्याचं लक्षण. गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्याच टाकीतून जाते. ती आतून सडली होती. दोष माझाच. पाच-सहा वर्षं कूलंटऐवजी घरच्या बोअरचं पाणी ओतत होतो. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड असतं ते गिझरची कॉइल काढून बघितलेल्या माणसाला सांगायला नको. पाणी तेलात गेलं की क्लच प्लेटांचं अस्तर सुटतं. मी नुसत्या प्लेटा बदलून बांधला असता तर महिन्याभरात पुन्हा लस्सी झाली असती. आधी नवा रेडिएटर घेतला, मग पान्याला हात लावला. तुमचा गिअरबॉक्स कशाने बिघडला हे सापडेपर्यंत सामानाची ऑर्डर देऊ नका.

उतरवणं कष्टाचं आहे, अवघड नाही. ऐंशी-एक किलोचं धूड असतं. चेनकप्पी, दोन भक्कम घोड्या आणि एक माणूस लागतोच. माझा मेहुणा होता. खोलताना प्रत्येक थराचा फोटो काढा आणि प्रत्येक पॅक वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा. व्हॉल्व्ह बॉडी (तेलाच्या बारीक वाटा आणि व्हॉल्व्ह असलेला ठोकळा) उचलताना त्यातल्या छऱ्याएवढ्या गोळ्या घरंगळतात, आणि कोणती कुठल्या भोकात होती हे नंतर देवही सांगू शकत नाही. त्यासाठी मी तेवढं व्हिडिओ चालू ठेवून केलं. शेजारचे आप्पा रोज संध्याकाळी येऊन विचारायचे, "हाई काय शे भो?" आणि उत्तराची वाट न बघता खुर्ची घ्यायचे.

जागा बंद खोलीची हवी आणि मे महिना नको. पंचेचाळीस डिग्रीचं सोडा, दुपारी एक वावटळ आली की सगळी धूळ व्हॉल्व्ह बॉडीत. मी डिसेंबरात घेतलं. पुसायला कॉटन वेस्ट वापरू नका. आपला सगळा मुलूख कापसावर जगतो, पण इथे कापसाचा एक धागा व्हॉल्व्हमध्ये अडकला की गिअर पडत नाही. तिथली फट केसापेक्षाही बारीक असते. तंतू न सुटणारं कापड घ्या आणि धुतलेले भाग हवेने वाळवा.

जोडताना ग्रीस लावायचा मोह होतो. नको. ग्रीस या तेलात विरघळत नाही, बारीक वाटा बुजवतं. वॉशर आणि गोळ्या जागेवर धरायला साधी पेट्रोलियम जेली लावा, ती गरम तेलात वितळून जाते. नव्या क्लच प्लेटा बसवण्याआधी तासभर तेलात बुडवून ठेवा. पॅक भरला की फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) फट मोजा. आकडा तुमच्या गिअरबॉक्सच्या मॅन्युअलमध्ये असतो, तो बघितल्याशिवाय सर्क्लिप (पॅक आत अडकवणारी कडी) बसवून पुढे जाऊ नका. टॉर्क पाना तर हवाच. व्हॉल्व्ह बॉडीचे बोल्ट आठ-दहा न्यूटन-मीटरचे असतात. नांगराचा फाळ आवळणाऱ्या हाताने आवळले की ॲल्युमिनियमचे आटे हातात येतात.

आता माझी चूक. क्लच ड्रममध्ये पिस्टन बसतो, त्याला रबरी ओठाचं सील असतं. पिस्टन आत दाबताना तो ओठ मागे दुमडतो, म्हणून पातळ तारेच्या फासाने गोल फिरवत आत ढकलत न्यायचा. मी वाइंडिंगची इनॅमलवाली तार दुहेरी करून रिकाम्या बॉलपेनच्या नळीत ओवली. गुळगुळीत असल्याने रबर कापत नाही. दोन पिस्टन सुंदर बसले. तिसरा बसला असं वाटलं.

वाटण्यावर राहायचं नसतं, त्यासाठी हवेची परीक्षा असते. प्रत्येक क्लचच्या तेलाच्या भोकातून दोन-अडीच बार हवा सोडायची. 'थप्प' असा भरीव आवाज आला आणि पिस्टन दाबून राहिला तर सील ठीक, 'फुस्स' झालं तर परत काढा. दोन ड्रम तपासले आणि लाइट गेली. आमच्या फीडरला दुपारी दोनला जाते ती सहाला येते. कॉम्प्रेसर बंद. मेहुण्याला दुसऱ्या दिवशी गावी परतायचं होतं. मी म्हटलं, दोन चांगले निघाले, तिसराही असेलच.

गाडी उभी राहिली, रिव्हर्स झटक्यात पडला, गल्लीत पेढे वाटले. चार दिवसांनी तपासायला म्हणून चाळीसगावला गेलो आणि पुढे कन्नडचा घाट चढायला घेतला. तिसऱ्या वळणाच्या आसपास तिसरा गिअर पडताना इंजिन ओरडायला लागलं, फेऱ्यांचा काटा चार हजारांवर, आणि गाडी मात्र बैलगाडीच्या चालीने. तशीच वळवली. तो क्लच पहिल्या-दुसऱ्या गिअरला लागत नाही, म्हणून लिव्हर २ वर ठेवून चाळीसगाव गाठता आलं. तिथून ट्रकवर घरी.

परत खोलला तेव्हा तिसऱ्या पिस्टनच्या सीलचा ओठ तांदळाच्या दाण्याएवढा दुमडलेला होता. शंभर-दीडशे रुपयांचं सील. त्यापायी सहा नव्या प्लेटा काळ्या झाल्या आणि सगळं तेल टाकून द्यावं लागलं.

बसवताना एकाच गोष्टीची भीती बाळगा, ती कन्व्हर्टरची. (माझ्या जुन्या कन्व्हर्टरमध्येही पाणी गेलं होतं, तो वेल्डिंगने बंद असतो, म्हणून कुर्ल्याहून रीबिल्ट मागवला.) फिरवत फिरवत आत ढकलला की तो टप्प्याटप्प्याने 'खट' करत खाली बसतो. माझ्यात तीन टप्पे होते. दोनवर थांबलो असतो तर बोल्ट आवळताना ऑइल पंप फुटला असता. कडेला पट्टी आडवी ठेवून व्हर्नियरने खोली मोजा. आणि गिअरबॉक्स इंजिनाला हाताने पूर्ण टेकत नसेल तर बोल्टने ओढू नका, काहीतरी बसलेलं नाही. कूलरच्या नळ्या धुवायला विसरू नका, जुना कचरा तिथेच दडलेला असतो.

खर्च म्हणाल तर मला किट, प्लेटा, कन्व्हर्टर, रेडिएटर आणि दोनदा तेल धरून बावन्न हजार लागले, आणि सात आठवडे. रोज कामावर जायला हीच एक गाडी असेल तर गॅरेजला द्या, फक्त बिघाडाचं कारण लेखी मागा.

क्लचच्या स्प्रिंगा दाबायचा प्रेस मी एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून बनवून घेतलाय, दोन पट्ट्या आणि एक लांब आट्याचा बोल्ट. दुकानात पडूनच आहे. गिअरबॉक्स घरी खोलायचं ठरलं तर इथेच कळवा, न्यायला या. सकाळी अकराच्या आत आलात तर लाइटही असेल, हवेची परीक्षा कशी करतात ते दाखवतो.