६४ किलोमीटरचा ताफा का अडकला? टँकर, टायर आणि फेऱ्यांचा हिशेब

प्रश्न असा आहे: फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस कीव्हच्या वायव्येला रशियाचा ६४ किलोमीटर लांब ताफा उपग्रहचित्रांत दिसला आणि मग तिथेच बसून राहिला. एवढ्या मोठ्या फौजेचं डिझेल संपतंच कसं? आणि आपले रणगाडेही त्याच घराण्यातले, तर आपलं काय?

आधी त्या ६४ किलोमीटरांचा धसका काढून टाका. कूच करताना दोन गाड्यांमध्ये साधारण १०० मीटर अंतर ठेवतात, एका माऱ्यात दोन गाड्या जाऊ नयेत म्हणून. या हिशेबाने सव्वाशे गाड्यांची एकच तुकडी बारा-तेरा किलोमीटर रस्ता व्यापते. त्यामुळे लांबी बघून ताकद मोजू नका. त्या चित्रांत खरं खटकायला हवं होतं ते वेगळंच: काही ठिकाणी गाड्या दोन-दोन, तीन-तीन रांगांत एकमेकींना खेटून उभ्या होत्या. म्हणजे रस्ता दोन्ही बाजूंनी भरला. मग रिकामा झालेला टँकर परत जाणार कुठून?

आता डिझेल. टी-७२ रणगाड्याच्या पोटातल्या आणि पट्ट्यांवरच्या टाक्यांत मिळून सुमारे १२०० लिटर मावतं. मागे लटकवलेली २०० लिटरची दोन पिंपं वेगळी. बीएमपी-२ म्हणजे सैनिकांना घेऊन लढणारी चिलखती गाडी, तिची टाकी ४६० लिटरची. तुकडीत १० रणगाडे आणि ४० बीएमपी धरा. एकदा सगळ्या टाक्या भरायच्या तर ३० हजार लिटर लागतं, म्हणजे पाच हजार लिटरचे सहा टँकर. ट्रक स्वतः पितात ते यात धरलेलंच नाही.

लोक इथे एक चूक हमखास करतात. किलोमीटरला किती लिटर, एवढंच मोजतात. उभी गाडीही पिते. जुन्या टी-७२ मध्ये विजेसाठी वेगळा छोटा जनरेटर नसतो. वायरलेस, दुर्बिणी, बॅटरी, आतली ऊब, सगळ्यासाठी मुख्य इंजिनच चालू ठेवावं लागतं. फेब्रुवारी-मार्चच्या थंडीत रस्त्यावर चार दिवस अडकून पडलात, तर एक किलोमीटरही पुढे न सरकता टाकी खाली येते.

मग टँकर मागवा की! इथेच खरी मेख आहे. रशियन सैन्याचा पुरवठा रेल्वेवर चालतो. शेवटच्या स्टेशनापासून पुढचं सगळं ट्रकच्या माथी. स्टेशन ६० किलोमीटरवर असेल, ट्रक सरासरी २५ च्या वेगाने चालत असेल, तर जाऊन-येऊन पाच तास, वर भरायला-उतरवायला चार. दिवसात दोन फेऱ्या कशाबशा बसतात. तेच अंतर १५० किलोमीटर केलंत की एक फेरी सोळा तासांची होते. दिवसाला एक, बस्स. ट्रक तेवढेच, चालक तेवढेच, माल निम्मा. वाटेत कोणी पूल उडवला किंवा टँकर हेरून मारले, तर तेवढंही नाही.

हा हिशेब युक्रेनला पक्का ठाऊक होता. २०२२ च्या उन्हाळ्यात हायमार्स, म्हणजे ट्रकवरून रॉकेटं सोडणारी अमेरिकी यंत्रणा, आल्यावर त्यांनी आधी दारूगोळ्याची कोठारं धरली. त्या रॉकेटांचा पल्ला ७० किलोमीटरहून जास्त, म्हणून रशियाला कोठारं मागे न्यावी लागली. तोफा जागच्या जागी राहिल्या, पण प्रत्येक ट्रकची फेरी लांबली.

उतरवायला लागणारा वेळही दुर्लक्षू नका. १५२ मिलिमीटरचा गोळा ४३ किलोंच्या आसपास, तो लाकडी खोक्यात येतो आणि खोकी माणसं हातांनी उतरवतात. ग्राड या ट्रकवरच्या रॉकेट-यंत्रणेचं एक रॉकेट ६६ किलो. अशी ४० रॉकेटं एकेक करून नळ्यांत सरकवायची आणि ती सुटतात वीस सेकंदांत. याउलट हायमार्सचा सहा रॉकेटांचा अख्खा संच गाडीची स्वतःची क्रेन उचलून बसवते.

टायरचा विषय हसण्यावारी नेला गेला, पण तो गंभीर आहे. ट्रक वर्षानुवर्षं एकाच जागी उभा राहिला की उन्हाच्या बाजूचा टायर कडेला बारीक भेगाळतो. डांबरी रस्त्यावर हे कळतही नाही. चिखलात पकड यावी म्हणून हवा कमी केली की टायरची कड सतत दुमडते आणि नेमक्या त्या भेगांतून फाटते. मार्च २०२२ मध्ये दक्षिण युक्रेनमध्ये चिखलात रुतवून सोडलेली पान्त्सिर-एस१ ही रशियाची हवाई हल्ले रोखणारी गाडी आठवा. बारा क्षेपणास्त्रं, ३० मिलिमीटरच्या तोफा, रडार असा सगळा सरंजाम आठ चाकांच्या ट्रकवर, आणि टायर फाटलेले. ताफ्यावर छत्र धरायचं ती गाडीच गेली की ड्रोनना रान मोकळं. उपाय अगदी साधा आहे: उभ्या गाड्या दर महिन्याला थोड्या चालवायच्या, चाकं फिरवून ठेवायची. अर्थात ते खरोखर करायचं असतं, नुसतं वहीत लिहायचं नसतं.

बंद पडलेल्या रणगाड्याचंही असंच. टी-७२ चं इंजिन बदलायला दिवस मोडतो, कारण जुळणी फार किचकट. जर्मन लेपर्ड-२ रणगाड्यात इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र उचलतात, काम तासाभरात. म्हणून टी-७२ वाल्यांना ओढून नेणाऱ्या गाड्या, म्हणजे एआरव्ही, जास्त लागतात.

आता आपलं. भारताकडे टी-७२ आणि टी-९० दोन्ही आहेत, त्यामुळे पिंपांपासून इंजिनापर्यंत बरंच वरचं लागू पडतं. पण लडाखमध्ये आपली अडचण चिखलाची नाही, थंडीची आणि घाटांची. साधं डिझेल गारठलं की त्यात मेण धरतं आणि फिल्टर तुंबतो. म्हणून इंडियन ऑइलने तिथल्यासाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल काढलं. लडाखकडे जाणारा जोजिला घाट बर्फाने बंद होतो, म्हणून इंधन, सुटे भाग, शिधा उन्हाळ्यातच वर चढवतात. त्यालाच सैन्यात ॲडव्हान्स विंटर स्टॉकिंग म्हणतात. रात्री इंजिनं अधूनमधून चालवून गरम ठेवावी लागतात, तेव्हा जागेवर उभं राहून जळणारं डिझेलही त्या साठ्यात आधीच धरावं लागतं.