ओपन वॉटर (स्कूबा डायव्हिंगच्या पहिल्या पातळीच्या) सर्टिफिकेटवर मालदीवमध्ये पाण्याखालच्या गुहांत जाता येतं का?

कपारीखाली जाता येतं, गुहेत नाही. 18 मीटरच्या आत, प्रवाळभिंतीच्या पुढे आलेल्या छतांखाली गाइडबरोबर जरूर जा. पण बाहेरचा निळा उजेड दिसेनासा होऊ लागला की तिथूनच मागे फिरा. मी डाइव्हमास्टर आहे आणि प्रत्येक ग्रुपला हेच सांगतो. ओपन वॉटरचं शिक्षण 18 मीटरपर्यंतचं, आणि अडचण आली तर सरळ वर येता येईल हे धरून दिलेलं असतं. गुहेत डोक्यावर दगड असतो. तळाशी पिठासारखा गाळ. फिनचा (पायातल्या वल्ह्याचा) एक फटका बसला की टॉर्च हातात असूनही वाट दिसत नाही. म्हणून केव्ह डायव्हर बाहेरपासून दोरी लावत जातात आणि एक तृतीयांश हवा संपली की परततात.

मात्र वावू अटॉल या बेटसमूहातल्या फोटेयो कांडूसारख्या (कांडू म्हणजे प्रवाळभिंतीतली खाडी) ठिकाणी प्रवाह जोरदार असतो आणि बऱ्याच कपारी 18 मीटरच्या खाली आहेत, त्यामुळे तिथे जायचं तर आधी ॲडव्हान्स्ड हा पुढचा कोर्स करा. त्यानंतरही मालदीवची मर्यादा 30 मीटरच.

टॉर्च मात्र न्याच. त्या खोलीवर लाल रंग पाण्यातच विरतो, सगळं राखाडी-निळं दिसतं. छताकडे प्रकाश टाकलात की उलटे लटकलेले पिवळे मऊ प्रवाळ एकदम उजळतात. छताखाली फार वेळ थांबू नका, आपले बुडबुडे तिथे साठतात आणि त्या हवेत चिकटलेले जीव मरतात.