बिबटे जास्त दिसायला लागले म्हणजे संख्या वाढली का? मुळात मोजतात कसे?

तुम्ही विचारलंय की सिन्नर-निफाडकडं रोज कुठं ना कुठं बिबट्या दिसतोय, मग संख्या दुप्पट झाली का, आणि रात्री फिरणारं जनावर मोजतात तरी कसं. मी नाशिकचाच, वनखात्यात नाही, पण जानेवारीत नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात पक्षीगणनेला जातो, आणि 'दिसले किती' अन् 'आहेत किती' यातला फरक मला तिथंच कळला.

तिथल्या चापडगावच्या मनोऱ्यावर पहाटेच्या थंडीत दुर्बीण लावली की पाण्यावर वारकरी पक्ष्यांचा काळाकुट्ट थवा दिसतो. एकेक मोजणं शक्यच नाही, म्हणून आधी दहा मोजायचे, त्या दहांनी किती जागा घेतली ते डोळ्यात बसवायचं आणि मग तेवढे तेवढे तुकडे पाडत पुढं सरकायचं. एकदा साडेतीनशेपर्यंत आलो आणि वरून मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी गेला, सगळे वारकरी पाण्यावर पाय मारत पळाले, झालं, परत पहिल्यापासून. शेजारच्या मित्राने तोच थवा पाचशे धरला होता. पाणवनस्पतींत शिरलेल्या जांभळ्या पाणकोंबड्या तर दोघांच्याही आकड्यात नाहीत. म्हणूनच दरवर्षी तोच महिना, तीच जागा, तीच वेळ ठेवायची, आकडा थोडा चुकला तरी चूक सारखीच राहते आणि मग वाढ-घट कळते.

बिबट्याला दुर्बीण चालत नाही. आधी वाघ पंजाच्या ठशांवरून मोजायचे, पण 2005 मध्ये राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नाही हे उघड झालं, कागदावर मात्र होते! त्यानंतर ठशांवरची मोजणी मागं पडली आणि 2006 च्या देशव्यापी गणनेपासून कॅमेरा ट्रॅपवर, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांवर, भर आला. बिबट्याचंही तसंच, प्रत्येकाच्या अंगावरचे ठिपके वेगळे, अगदी डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पण वेगळे, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे बांधतात.

आता समजा पहिल्या खेपेला 20 वेगवेगळे बिबटे फोटोत आले. दुसऱ्या खेपेला 15 आले, त्यातले 10 जुनेच. म्हणजे पहिल्या वेळी आपल्याला साधारण तिनातले दोनच सापडले होते, तर एकूण 30 च्या आसपास असणार. खरे हिशोब याहून किचकट असतात पण मूळ हेच. दोन खेपांत अंतर कमी ठेवावं लागतं, नाहीतर मधेच काही मरतात, काही निघून जातात आणि गणित फसतं.

आता तुमच्या बातम्या बघा. एक बिबट्या एका रात्रीत तीन गावांच्या शिवारातून जातो, तीन बातम्या होतात. त्यात ऊसतोड सुरू झाली की त्याचं लपणच जातं, फडात बछडे सापडतात, आणि हल्ली प्रत्येक वस्तीवर सीसीटीव्ही अन् हातात मोबाईल. संख्या तेवढीच असली तरी दिसणं कितीतरी पटीने वाढणार. वाढली नाहीच असं मी म्हणत नाय, पण बातम्या मोजून ते ठरत नाही, त्याला कॅमेरेच लावावे लागतात.

तुम्हाला दिसलाच तर मागं जाऊ नका, पण तारीख, वेळ, गट नंबर आणि सोबत बछडे होते का एवढं लिहून वनखात्याला कळवा, आणि सीसीटीव्हीत कुशीवरचे ठिपके नीट आले असतील तर ते फुटेज डिलीट करू नका.