डिस्कची प्रत घेताना साधन कोणते निवडावे?

प्रश्न : माझ्या संगणकात १ टेराबाइटची हार्ड डिस्क असून तिच्या जागी ५०० गीगाबाइटची एसएसडी बसवायची आहे. विंडोज आणि सर्व प्रोग्रॅम आहेत तसेच नव्या डिस्कवर जावेत, अशी इच्छा आहे. कोणी क्लोन करण्यास सांगतात, तर कोणी इमेज घेण्यास. काय करावे आणि कोणते सॉफ्टवेअर वापरावे?

उत्तर : क्लोन करताना एका डिस्कवरील डेटा थेट दुसऱ्या डिस्कवर उतरतो आणि काम संपले की त्या दुसऱ्या डिस्कवरून संगणक सुरू करता येतो. इमेज घेताना मात्र तोच डेटा फाइलच्या रूपाने तिसऱ्या डिस्कवर साठवला जातो, बहुधा आकुंचित करून, आणि पुढे हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा परत उतरवता येतो. केवळ डिस्क बदलायची असेल तर क्लोन पुरेसा आहे; तरीही आधी इमेज घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवेन. क्लोन करताना मूळ आणि लक्ष्य डिस्क यांची निवड उलटी झाली, तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि त्या चुकीला परतीचा मार्ग नसतो.

आपली नवी डिस्क जुनीपेक्षा लहान आहे आणि साधनाची निवड मुख्यतः याच गोष्टीवर ठरते. क्लोनझिला हे मोफत व मुक्त स्रोत साधन पेन ड्राइव्हवरून सुरू होते, एनटीएफएस (विंडोजची) किंवा एक्स्टफोर (लिनक्सची) यांसारखी फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत, ओळखून फक्त वापरात असलेले ब्लॉक (डेटाचे तुकडे) उचलते आणि इमेज घेण्यासाठी अत्यंत भरवशाचे आहे. परंतु लक्ष्य डिस्क मूळ डिस्कइतकी किंवा तिच्याहून मोठी असावी, असे ते गृहीत धरते. आकाराची ही तपासणी वगळण्याचा पर्याय त्यात आहे. मात्र त्याआधी सर्व पार्टिशन (डिस्कचे विभाग) लहान करून नव्या डिस्कच्या मर्यादेत आणावी लागतात. विंडोजचे रिकव्हरी पार्टिशन पुष्कळदा डिस्कच्या अगदी शेवटी असते, त्यामुळे केवळ सी ड्राइव्ह आक्रसून भागत नाही. सवय नसलेल्या व्यक्तीने या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी क्लोन करतानाच पार्टिशनचा आकार बदलू देणारे साधन घ्यावे. मॅक्रिअम रिफ्लेक्ट त्यासाठी योग्य आहे. मात्र त्याच्या मोफत आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२४ पासून बंद झाला आहे, त्यामुळे जुन्या लेखांतील ‘मोफत’ या उल्लेखावर विसंबू नये. एसएसडी बनवणाऱ्या काही कंपन्याही असे साधन विनामूल्य देतात, पण ते सहसा त्यांचीच डिस्क जोडलेली असेल तरच चालते. कोणतेही साधन घेतले तरी प्रत्यक्ष भरलेला डेटा ५०० गीगाबाइटहून बराच कमी असला पाहिजे.

डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, सुरू आहे का, हे आधी पाहावे आणि त्याची रिकव्हरी की (कुलूप उघडण्याचा क्रमांक) कागदावर लिहून ठेवावी. पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या साधनाला कुलूपबंद पार्टिशनमधील फाइल सिस्टिम दिसत नाही. ते प्रत्येक सेक्टर (डिस्कवरील साठवणुकीचा लहान कप्पा), रिकामा असला तरी, उचलते, इमेज पार्टिशनएवढी मोठी होते आणि आकारही बदलता येत नाही. क्लोन पूर्ण झाल्यावर पहिल्यांदा संगणक सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवावी, कारण दोन्ही डिस्कची ओळख क्रमांकासह सारखी झालेली असते आणि विंडोज त्यांपैकी एक डिस्क ऑफलाइन ठेवू शकते.

प्रश्न : माझी हार्ड डिस्क फार संथ झाली आहे. प्रत घेण्याचा प्रयत्न केला, तर सॉफ्टवेअर मध्येच त्रुटी दाखवून थांबते. दुसरे कोणते साधन वापरून पाहावे?

उत्तर : आता एकामागून एक साधने वापरून पाहू नयेत, कारण खराब होत असलेल्या डिस्कवरील प्रत्येक वाचन तिचे उरलेले आयुष्य खर्च करते. डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येत असेल, तर वीज त्वरित बंद करून ती डेटा परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्यावी. अशा डिस्कसाठी कोणतेही सॉफ्टवेअर उपयोगाचे नाही. विंडोजमधील डिस्क तपासण्याचे साधन, चेकडिस्क, हेही चालवू नये. ते दुरुस्तीच्या नावाखाली त्याच आजारी डिस्कवर लिहिते.

आवाज नसेल आणि स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवते त्या, नोंदींत बदललेले किंवा प्रलंबित सेक्टर वाढत असतील, तर माझ्या मते एकच साधन योग्य आहे, ते म्हणजे ग्नू डीडीरेस्क्यू. सर्वसाधारण क्लोन साधन डिस्क निरोगी आहे असे मानून सुरुवातीपासून ओळीने वाचत जाते आणि खराब जागी अडून बसते. डीडीरेस्क्यू आधी सहज वाचता येणारे भाग उचलते, अडचणीची जागा आली की पुढे उडी मारते, आणि बहुतेक डेटा सुरक्षित झाल्यावरच मागे वळून त्या जागा लहान लहान तुकड्यांत खरवडते. कोणता भाग मिळाला व कोणता राहिला, याची नोंद ते मॅपफाइलमध्ये ठेवते. त्यामुळे काम थांबवून, डिस्क थंड होऊ देऊन, तेथूनच पुढे सुरू करता येते. ही मॅपफाइल आजारी डिस्कवर मुळीच ठेवू नये आणि ती न देता डीडीरेस्क्यू चालवू नये. पहिल्या फेरीत खरवडण्याचा टप्पा वगळावा आणि पुनःप्रयत्न दुसऱ्या फेरीसाठी राखावेत. डीडी या लिनक्समधील प्रत काढण्याच्या जुन्या आज्ञेलाही त्रुटी ओलांडून पुढे जायला सांगता येते, परंतु तिच्याकडे असा नकाशा नसतो आणि ब्लॉकचा आकार मोठा असल्यास एका खराब सेक्टरपायी त्याच्या शेजारचा चांगला डेटाही शून्यांनी भरला जातो. डेबियन व उबुंटू या लिनक्स प्रणालींमध्ये डीडीरेस्क्यूचे पॅकेज जीडीडीरेस्क्यू या नावाने मिळते. फाइल सिस्टिमची दुरुस्ती किंवा फाइलींचा शोध, जे काही करायचे ते मिळालेल्या प्रतीवर करावे, आणि शक्य झाल्यास त्या प्रतीचीही आणखी एक प्रत काढून मग करावे.

प्रश्न : घेतलेली इमेज बिनचूक आहे, हे कसे ओळखावे?

उत्तर : इमेज पूर्ण झाल्यावर ती परत उतरवता येईल का, हे तपासण्याचा पर्याय क्लोनझिलामध्ये आहे, तो घ्यावा. इमेजच्या फाइलींचे शा-२५६ हॅश (फाइलीतील मजकुरावरून काढलेला, ठशासारखा ओळखीचा आकडा) काढून ठेवले, तर साठवणुकीत पुढे झालेला बिघाड लक्षात येतो. पण इमेज मूळ डिस्कशी जुळते का, हे हॅशने पाहताना एसएसडीच्या बाबतीत सावध राहावे, कारण खोडलेल्या जागा ती स्वतःच आतून साफ करते आणि दोन वाचनांचे हॅश वेगळे येऊ शकतात. पक्की खात्री मात्र एखाद्या मोकळ्या डिस्कवर इमेज उतरवून आणि तिच्यावरून संगणक सुरू करूनच होते. प्रत न्यायालयात पुरावा म्हणून मांडायची असेल, तर मूळ डिस्क राइट ब्लॉकरमार्फतच (तिच्यावर काहीही लिहू न देणाऱ्या उपकरणातून) जोडावी आणि गायमेजर किंवा एफटीके इमेजर वापरावे, कारण ही साधने प्रत घेतानाच हॅशची नोंद करतात.