डिफरेन्शियल लॉक कधी लावायचा?
गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे लॉकर (म्हणजे डिफरेन्शियल लॉक, डावं-उजवं चाक एकत्र जखडणारी यंत्रणा) आहेत, पण शिकायची सुरुवात कुठून करायची, असं एकाने विचारलंय. माझं मत विचाराल तर पहिले काही दिवस लॉकरला हातच लावू नका. साधं डिफरेन्शियल (इंजिनाची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा गिअरचा संच) दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवायचा जोर) देतं. एक चाक हवेत लटकलं की त्याला फिरायला जोरच लागत नाही, म्हणून दुसऱ्यालाही तेवढाच मिळतो: ते नुसतं गरगरतं आणि जमिनीवरचं ढिम्म हलत नाही. हे एकदा खाली उतरून डोळ्यांनी बघा (गाडी दुसऱ्याच्या हातात देऊन, आणि लांब उभं राहून). मग लॉक लावा. आता दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात आणि तीच गाडी मुकाट्याने वर चढते.

लॉक अडकायच्या आधी लावायचा, गाडी थांबवून, फोर-लोमध्ये (चारही चाकांना ताकद देणारा, हळू पण जोरदार गिअर). चाक गरगरत असताना बटण दाबलंत तर आतले दाते तुटू शकतात. आधी मागचा. पुढचा अगदी गरजेपुरता, कारण तो लागला की स्टिअरिंग जड होतं आणि गाडी वळायचं नाव घेत नाही. निसरड्या आडव्या उतारावर जपून, दोन्ही चाकांची पकड एकदम सुटली की गाडी खाली घसरते. डांबरी रस्त्यावर यायच्या आधी लॉक काढा. डॅशबोर्डवरचा लॉकचा दिवा लगेच विझला नाही तर गाडी जराशी मागे-पुढे करा, सुटतो.